गाणं वाजतंय, पण प्लेअर ऐकत नाही: स्किनवाल्या म्युझिक प्लेअरच्या त्याच त्या तक्रारी

विनॅम्प आणि त्याच्या वळणावर गेलेले ऑडेशस, क्यूएमएमपी हे प्लेअर आजही बऱ्याच कॉम्प्युटरवर नांदत आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी जवळपास ठरलेल्या आहेत. ‘बिघडलाय’ म्हणून जे येतं, त्यातलं फार थोडं खरोखर बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा प्लेअर सांगितलेलं निमूटपणे करत असतो. ते कुणी आणि कधी सांगितलं, एवढंच स्किनमुळे, म्हणजे प्लेअरवर चढवलेल्या चित्ररूपामुळे, दिसत नाही. शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लावणं) चालू आहे की बंद, बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाचा तोल) मध्यावर आहे की एका कडेला, हे दाखवण्याचं काम चित्राचं. आणि चित्र काढणाऱ्याने ते काळ्यावर गडद करड्या रंगात काढून ठेवलेलं असतं.

आणखी एक ठरलेली गोष्ट म्हणजे, माझ्यापर्यंत येण्याआधी प्लेअर एकदा काढून पुन्हा टाकून झालेला असतो. त्याने सहसा काहीच बदलत नाही. प्रोग्राम एका जागी असतो आणि त्याच्या सेटिंग दुसऱ्या जागी, युजरच्या फोल्डरमध्ये. प्रोग्राम काढला तरी सेटिंग अनेकदा तिथेच राहतात आणि नवा टाकलेला प्लेअर जुनंच दुखणं उचलून पुन्हा उभा राहतो. म्हणून पुन्हा टाकण्याचा उपाय या लेखात अगदी शेवटी येतो.

## लक्षणं

- गाणं ऐकू येतंय, टास्कबारवर नावही आहे, पण प्लेअरची विंडो पडद्यावर कुठेच नाही.
- विंडो दिसते, पण नखाएवढी. किंवा तिची फक्त वरची पट्टी उरली आहे. किंवा एक कोपरा कापल्यासारखा गेला आहे आणि नेमकं हवं ते बटण त्याच कोपऱ्यात होतं.
- बटण दाबलं की भलतंच होतं, किंवा काहीच होत नाही.
- एक गाणं संपलं की प्लेअर गप्प बसतो. किंवा तेच गाणं पुन्हा पुन्हा लावतो. किंवा क्रम पाळत नाही.
- वेळ उलटी धावते.
- आवाज एकाच कानात येतो, फाटतो, किंवा एखाद्याच गाण्याला वेगळा येतो.
- मराठी गाण्यांची नावं गायब, किंवा त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. जुन्या फायलींना अगम्य रोमन अक्षरं.
- प्लेलिस्ट उघडते, पण गाणी वाजवायला गेलं की प्लेअर एकेक ओलांडत शेवटपर्यंत जातो.
- उघडल्या उघडल्या प्लेअर बंद पडतो.

यातली वेळ उलटी धावण्याची तक्रार इथेच मिटवू. वेळेच्या आकड्यांवर क्लिक केलं की झालेला वेळ जाऊन उरलेला वेळ दिसू लागतो. आकड्यांपुढे एक उणे चिन्ह असतं, पण अनेक स्किनमध्ये ते धुळीच्या कणाएवढं असल्याने लक्षात येत नाही. पुन्हा क्लिक करा, सुलटं होईल.

## १. बाकीच्या प्रोग्राममध्ये आवाज येतो का?

प्लेअरला हात लावण्याआधी तीच फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये लावा आणि ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ सुरू करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा शोध त्यावर ठरतो. आवाज कुठेच येत नसेल तर दोष प्लेअरचा नाही आणि खालचं निम्मं तुमच्या उपयोगाचं नाही. बाकी सगळीकडे येतो आणि इथेच येत नसेल, तर विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये या प्रोग्रामची स्वतःची पट्टी शून्यावर गेली आहे का ते बघा. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज तिथे वेगळा ठेवलेला असतो, आणि मुख्य आवाज पूर्ण वाढवला तरी ती पट्टी शून्यावरच राहते.

## २. माउस सोडा, कीबोर्डने चालवा

माझी सगळ्यात आवडती तपासणी हीच. विनॅम्पमध्ये कीबोर्डच्या खालच्या ओळीतली पहिली पाच अक्षरं म्हणजे पाच बटणं: झेड मागचं गाणं, एक्स वाजवा, सी थांबवून धरा, व्ही बंद, बी पुढचं गाणं. ऑडेशसच्या विनॅम्पसारख्या रूपातही याच कळा चालतात. कीबोर्ड मराठीवर असेल तर तपासणीपुरता इंग्रजीवर घ्या, प्लेअरच्या विंडोवर एकदा क्लिक करा आणि एकेक कळ दाबून बघा.

कळ दाबल्यावर काम झालं आणि बटणाने झालं नाही, तर दोष स्किनचा. थेट पाचव्या तपासणीकडे जा. दोन्हींनी झालं नाही, तर स्किनला दोष देऊ नका. प्लेअर, फाइल किंवा आवाजाचं साधन यांपैकी कुठेतरी अडलं आहे.

या कळांची दुसरी बाजूही आहे आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तीच असते. प्लेअरची विंडो पुढे असताना तुम्ही भलत्याच भरवशावर टाइप करायला लागलात, तर प्रत्येक अक्षर ही एक आज्ञा होते. एसने शफल लागतो, आरने रिपीट, व्हीने गाणं बंद. त्यातही फसवा प्रकार म्हणजे कंट्रोल + व्ही. तुम्ही पेस्ट करायला म्हणून दाबता आणि विनॅम्पला तो हुकूम ‘हे गाणं संपलं की थांब’ असा कळतो. त्या क्षणी काहीच बदलत नाही, गाणं चालूच राहतं. चार मिनिटांनी ते संपतं आणि प्लेअर गप्प बसतो, तेव्हा दाबलेली कळ कुणालाच आठवत नसते. “आपोआप थांबतो” असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, प्लेअरच्या बाजूला दुसरी कुठली विंडो उघडी होती?

## ३. लपलेले खटके

आता स्थिती बघायची, पण स्किनवर नाही. विंडोवर राइट-क्लिक करून मेनू उघडा. मेनू साध्या अक्षरांत असतो, त्यात चालू असलेल्या गोष्टीपुढे खूण असते आणि कुठलीही स्किन ती बदलू शकत नाही.

शफल आणि रिपीट बघा. त्याच्याच आसपास ‘मॅन्युअल प्लेलिस्ट अ‍ॅडव्हान्स’ नावाची एक ओळ असते. ती चालू असेल तर प्लेअर एक गाणं वाजवून थांबतो, पुढचं स्वतः लावत नाही. आणि तिच्या जोडीला रिपीटही चालू असेल तर एकच गाणं अखंड फिरत राहतं. दोन्ही खटके वेगवेगळे बघितले तर निरुपद्रवी वाटतात, म्हणून एकत्र परिणाम पटकन सुचत नाही. ऑडेशसमध्ये हीच सोय ‘नो प्लेलिस्ट अ‍ॅडव्हान्स’ या नावाने आहे आणि कंट्रोल + एनने लागते. म्हणजे नवीन काहीतरी उघडायला म्हणून दाबलेल्या कळेनेही ती लागू शकते.

क्रम विचित्र असेल आणि शफल बंद असेल, तर प्लेलिस्टमध्ये एखाद्या गाण्याच्या ओळीत चौकटी कंसात आकडा दिसतो का ते बघा. तसं असेल तर ते गाणं रांगेत लावलेलं आहे. रांग प्लेलिस्टच्या आधी वाजते.

मग बॅलन्स. आवाज एकाच बाजूने येत असेल तर हेडफोनची वायर वाकवून बघण्याआधी हा स्लायडर मध्यावर आणा. क्लासिक, म्हणजे विनॅम्पच्या जुन्या धाटणीच्या, स्किनमध्ये तो आवाजाच्या स्लायडरला अगदी लागून उजवीकडे असतो, जेमतेम ३८ पिक्सेल रुंद. आवाज वाढवायला गेलेला माउस त्याच्यावर सहज पडतो. काही स्किनमध्ये दोन्ही पट्ट्या एकाच चित्राचा भाग म्हणून रंगवलेल्या असतात, त्यामुळे तिथे दोन स्लायडर आहेत हेच कळत नाही.

इक्वलायझर (खर्जापासून तीव्र सुरांपर्यंतचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) मात्र जरा निवांत बघण्यासारखा आहे. त्याची विंडो बंद केली म्हणजे तो बंद झाला, असा समज सर्रास आढळतो. विंडो बंद असली तरी तो चालूच राहतो. ऑल्ट + जीने ती उघडा आणि ‘ऑन’ लिहिलेलं बटण बंद करा. आवाजाचं फाटणं तेवढ्याने थांबलं, तर कारण बहुतेक एकूण आवाज चढवणाऱ्या डावीकडच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये आहे. आजकालची बरीच गाणी मुळातच कमाल पातळीच्या काठोकाठ भरून बनवलेली असतात. त्यावर १२ डेसिबल चढवणं म्हणजे लहरीची उंची जवळपास चौपट करणं. तेवढी जागाच नसते, म्हणून लहरींचे शेंडे कापले जातात आणि कानाला खरखर येते. खर्ज हवा असेल तर डावीकडच्या पट्ट्या वर नेण्यापेक्षा बाकीच्या खाली आणा आणि आवाज स्पीकरवर वाढवा. आणि एखाद्याच गाण्याला वेगळा आवाज येत असेल तर शेजारचं ‘ऑटो’ बटण बघा. ते त्या फाइलसाठी साठवलेली रचना गुपचूप लावतं.

## ४. विंडो हरवली

दुसरा मॉनिटर काढला, प्रोजेक्टर सोडवला, रिझोल्यूशन बदललं, की ही तक्रार आलीच. प्लेअर बंद होताना आपली शेवटची जागा लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतो. ती जागा आता अस्तित्वात नाही हे प्रत्येक वेळी त्याच्या लक्षात येतंच असं नाही.

आधी ऑल्ट + डब्ल्यू दाबा. ही कळ मुख्य विंडो दाखवते आणि लपवते. अनेकदा ती चुकून लपवलेली असते, बाकीच्या विंडो दिसत असतात आणि तेवढी नसते. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर विंडोज + शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबून विंडो या पडद्यावर आणता येते. काढलेला मॉनिटर हाताशी असेल तर तो परत जोडून प्लेअर ओढून घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग. उगाच हुशारी करू नका.

यातलं काहीच शक्य नसेल तर सेटिंगची फाइल उघडावी लागते. प्लेअर पूर्ण बंद करा. हे आधी करायचं, कारण विनॅम्प बंद होताना ही फाइल नव्याने लिहितो आणि तो चालू असताना तुम्ही केलेले बदल पुसले जातात. मग विंडोज + आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘ॲपडेटा’ हा शब्द रोमनमध्ये, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा. तिथल्या विनॅम्पच्या फोल्डरमध्ये विनॅम्प नावाची आयएनआय फाइल असते. नोटपॅडमध्ये ती उघडून ‘डब्ल्यूएक्स’ आणि ‘डब्ल्यूवाय’ या दोन ओळी शोधा. मुख्य विंडोचा डावा वरचा कोपरा कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तिथे पडद्याच्या रुंदीपेक्षा मोठा किंवा उणे आकडा दिसला की चोर सापडला. दोन्हींसमोर ५० लिहा, फाइल साठवा, प्लेअर उघडा. मॉडर्न, म्हणजे विनॅम्पच्या नंतरच्या धाटणीची, स्किन असेल तर जागा ‘स्टुडिओ’ नावाच्या एक्सएनएफ फाइलमध्ये असतात. तिचं नाव बदलून ठेवलं की प्लेअर नवी बनवतो.

विंडोची फक्त पट्टी उरली असेल तर ती गुंडाळलेली आहे. कंट्रोल + डब्ल्यूने उलगडते. नखाएवढी दिसत असेल तर तो दोष नाही, हिशेब आहे. क्लासिक स्किनची मुख्य विंडो २७५ पिक्सेल रुंद आणि ११६ पिक्सेल उंच, कायमची. ३८४० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ती साधारण चौदावा हिस्सा व्यापते. कंट्रोल + डीने ती दुप्पट होते. तरी पुरत नसेल तर प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी पानावर डीपीआयची (पडद्यावरच्या गोष्टी मोठ्या करून दाखवण्याची) जबाबदारी ‘सिस्टिम’कडे द्या. कडा जरा धूसर होतील, पण बटणं हाताला लागतील.

लिनक्सवर विंडो एकमेकींना चिकटत नसतील, दर वेळी भलतीकडे उघडत असतील, तर तुमचं सेशन बहुधा वेलँडचं, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवण्याच्या लिनक्सच्या नव्या पद्धतीचं आहे. वेलँड कुठल्याही प्रोग्रामला स्वतःची विंडो कुठे ठेवायची ते ठरवू देत नाही, आणि या प्लेअरची सगळी मांडणी तर त्यावरच उभी आहे. लॉगिन करताना एक्स११चं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, सेशन निवडता आलं तर निवडा, नाहीतर ऑडेशसचं साधं, बिनस्किनचं रूप घ्या. प्लेअरमध्ये शोधत बसून हे सुटणार नाही.

## ५. मूळ स्किनवर या

ऑल्ट + एस दाबून स्किनच्या यादीतून ‘विनॅम्प क्लासिक’ निवडा. ऑडेशसमध्ये सेटिंगच्या अपीअरन्स पानावरून डीफॉल्ट स्किन घ्या. तक्रार गेली का? मग गुन्हेगार सापडला.

हे का चालतं ते समजून घेतलं तर पुढे बराच त्रास वाचतो. क्लासिक स्किनची डब्ल्यूएसझेड फाइल म्हणजे नुसती झिप असते. नाव बदलून उघडली की आत बीएमपी चित्रं दिसतात: एक मुख्य विंडोचं, एक बटणांचं, एक आकड्यांचं, एक अक्षरांचं. चित्र काहीही असो, क्लिक कुठे झाल्यावर काय करायचं ते प्लेअरमध्ये पक्कं बसवलेलं आहे. मागच्या गाण्याचं बटण डावीकडून १६ आणि वरून ८८ पिक्सेलवर सुरू होतं, २३ रुंद आणि १८ उंच. त्याला लागून वाजवा, मग थांबवा, मग बंद, मग पुढचं. चित्रकाराने तिथे बटणांऐवजी ड्रॅगनचे दात काढले तरी क्लिकच्या जागा हलत नाहीत. एखाद्याने हौसेने बटणं गोलात मांडल्यासारखी रंगवली असतील, तर तुम्ही दिसणाऱ्या बटणावर क्लिक करता आणि खरं बटण दोन बोटं बाजूला असतं.

कोपरा कापला जाण्याचं कारण वेगळं. झिपमध्ये ‘रीजन’ नावाची एक मजकुराची फाइल असू शकते. विंडोचा आकार त्यातल्या बिंदूंनी ठरतो आणि बिंदूंच्या बाहेरचा भाग दिसत नाही. एवढंच नव्हे, तिथे केलेलं क्लिक प्लेअरला लागतच नाही, आरपार खालच्या विंडोवर जातं. एखादा बिंदू चुकला की बटणासकट कोपरा गेला. स्किन फार आवडती असेल तर झिप उघडून ती रीजनची फाइल काढून टाका, पुन्हा झिप करा आणि शेपूट डब्ल्यूएसझेड करा. विंडो चौकोनी होईल, बटण परत येईल. मी तरी अशी स्किन सोडून देतो. देखणी म्हणून घेतलेल्या पण वापरायला वाईट अशा स्किनवर वेळ कशाला घालवायचा, चांगल्या स्किन काही कमी नाहीत.

निम्मी विंडो नव्या रूपात आणि इक्वलायझर जुन्याच, असं दिसत असेल तर त्या स्किनमध्ये ती चित्रंच नाहीत. विनॅम्प उरलेल्या जागी मूळ स्किनची चित्रं वापरतो. प्लेअर धडधाकट आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. स्किन म्हणून मिळालेली फाइल ईएक्सई असेल तर उघडू नका. क्लासिक स्किनला काही चालवण्याची गरज पडत नाही. २००४ साली स्किनच्या फायलींतूनच कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्राम घुसवण्याचा प्रकार झाला होता आणि विनॅम्पला ५.०५ ही आवृत्ती काढून ते भगदाड बुजवावं लागलं. त्याहून जुनी आवृत्ती कुणी जपून ठेवली असेल तर आधी ती बदला.

## ६. मराठी नावांचा घोळ

इथे तीन वेगळे रोग एकाच लक्षणाने दिसतात, म्हणून जरा सावकाश.

पहिला: प्लेलिस्टमध्ये नाव नीट दिसतं, पण मुख्य विंडोत सरकणाऱ्या पट्टीत कोरी जागा किंवा प्रश्नचिन्हं. ती पट्टी स्किनमधल्या अक्षरांच्या चित्रातून लिहिली जाते आणि त्या चित्रात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं असतात. ‘ळ’ कुठून आणणार? प्रेफरन्सेसमध्ये क्लासिक स्किनच्या पानावर मुख्य शीर्षकासाठी स्किनचा फॉन्ट वापरायची खूण असते, ती काढा. ऑडेशसमध्ये ‘बिटमॅप फॉन्ट’ची खूण काढून देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. रूप थोडं बदलतं, पण नाव वाचता येतं.

दुसरा: नाव अर्ध्यावर तुटतं किंवा दोन्हीकडे प्रश्नचिन्हं. आता फाइलमधले टॅग, म्हणजे आत लिहिलेली नाव-गायक अशी माहिती, बघा. आयडी३ या टॅगच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला फक्त ३० बाइट मिळतात आणि युनिकोडची (सगळ्या लिपी लिहिण्याच्या पद्धतीची) सोयच नाही. कुणी दामटून यूटीएफ-८ (युनिकोड लिहिण्याचीच एक रीत) भरलं तरी देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून १० चिन्हांत जागा संपते. टॅग संपादित करून आयडी३ २.३ मध्ये लिहा आणि पहिल्या आवृत्तीचा टॅग काढून टाका.

तिसरा: नावाच्या जागी अगम्य रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. हे टॅग युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तो फॉन्ट लावला तरच ते मराठी दिसतात, एरवी मुळात ती रोमन अक्षरंच असतात. प्लेअरच्या कुठल्याही सेटिंगने हे सुधारत नाही. त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करून टॅग नव्याने लिहावे लागतात.

याच घरातली पुढची तक्रार म्हणजे गाणी ओलांडत जाणारी प्लेलिस्ट. एम३यू ही प्लेलिस्टची साधी मजकुराची फाइल आहे, तिच्यात गाण्यांचे पत्ते असतात. ती नोटपॅडमध्ये उघडा. पत्ते ई ड्राइव्हचे आणि गाणी आता एफवर असतील, तर शोधा-बदला करून काम होईल. पण फाइलींच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं असतील, तर ती नावं गेली. जुन्या धाटणीची एम३यू विंडोजच्या युनिकोडपूर्व कोडपेजमध्ये (अक्षरांच्या ठरलेल्या यादीत) लिहिली जाते आणि देवनागरीसाठी असं वापरता येण्याजोगं कोडपेज विंडोजमध्ये नाही. शिवाय विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणजे असा पत्ता कधीच सापडणार नाही. गाणी पुन्हा फोल्डरमधून ओढून घ्या आणि प्लेलिस्ट एम३यू८ म्हणून साठवा. त्यातला ८ यूटीएफ-८चा आहे.

## ७. आवाज कुठे चाललाय?

ब्लूटूथ हेडफोन काढला, यूएसबीचा स्पीकर बदलला, आणि प्लेअर मुका. वेळ पुढे सरकते, पट्ट्या नाचतात, आवाज नाही. प्रेफरन्सेसमध्ये प्लग-इनच्या (प्लेअरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रामच्या) आउटपुट विभागात जा. तिथे विशिष्ट साधनाचं नाव निवडलेलं असेल तर ते बदलून डीफॉल्ट करा. डायरेक्टसाउंडने होत नसेल तर वेव्हआउट घेऊन बघा. लिनक्सवर आउटपुट थेट अल्सावर (लिनक्सच्या आवाजाच्या खालच्या थरावर) ठेवलेलं असेल तर पाइपवायर किंवा पल्सऑडिओवर आणा.

गाण्यात पुढे-मागे जाताना स्लायडर भलत्या जागी उतरत असेल आणि एकूण वेळही चुकीची दिसत असेल, तर ती एमपी३ बदलत्या बिटरेटची (दर सेकंदाला कमी-जास्त डेटा वापरणारी) आहे आणि तिच्या सुरुवातीची नोंद गहाळ आहे. प्लेअर अंदाज बांधतो आणि चुकतो. फूबार२००० या दुसऱ्या प्लेअरमध्ये अशा फायलींची नोंद दुरुस्त करायची सोय आहे. आधी प्रत काढा.

## ८. सेटिंग कोरी करा, मग प्लग-इन

इथून पुढे थोडा वेळ आणि धीर लागतो. प्लेअर बंद करून ॲपडेटामधल्या त्याच्या फोल्डरचं नाव बदला. डिलीट करू नका, कारण प्लेलिस्ट आणि लायब्ररीही तिथेच असते. लिनक्सवर ऑडेशसचं फोल्डर होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये असतं. प्लेअर उघडला की तो नवं, कोरं फोल्डर बनवेल. दुखणं गेलं तर जुन्या फोल्डरमधून फक्त प्लेलिस्ट परत आणा, आयएनआय फाइल आणू नका.

तरीही प्लेअर उघडताच बंद पडत असेल तर संशय प्लग-इनवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन विभागात त्या वेळेची लाल नोंद उघडा. तिच्यात कुठल्या मॉड्यूलमुळे पडलं त्याचं नाव असतं, आणि अनेकदा तेवढ्यावर निकाल लागतो. नसेल कळत तर प्लेअरच्या प्लगइन्स फोल्डरमधल्या जेन, डीएसपी आणि विस या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फायलींपैकी निम्म्या बाहेर काढा आणि उघडून बघा. चाललं तर दोषी बाहेर, नाही तर आत. मग त्या निम्म्याचे निम्मे. ‘इन’ आणि ‘आउट’ने सुरू होणाऱ्या फायलींना हात लावू नका, ‘इन’वाल्या गाण्यांच्या फायली वाचतात, ‘आउट’वाल्या आवाज बाहेर पाठवतात. त्या काढल्या तर चालता प्लेअरही मुका होईल आणि तुम्ही नव्या तक्रारीमागे धावाल.

एवढं होऊनही जमलं नाही तर प्लेअर काढून, सेटिंगचं फोल्डर बाजूला ठेवून, अधिकृत जागेवरून नवीन आवृत्ती टाका.

## इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तीच गाणी वेगवेगळ्या प्लेअरमध्ये त्याच जागी अडत असतील, फोल्डर उघडायला फार वेळ लागत असेल, हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर बंद करा. लगेच. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्राम चालवू नका, डीफ्रॅग करू नका. मरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक जादा फेरी नुकसान वाढवते. गाण्यांची दुसरी प्रत नसेल तर हे डेटा रिकव्हरी करणाऱ्याचं काम आहे, आणि डिस्क त्याच्याकडे जितकी कमी चाललेली पोचेल तितकं बरं.

आवाज कुठल्याच प्रोग्राममध्ये नाही, हेडफोनमध्येही नाही आणि स्पीकरमध्येही नाही, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून आणि आवाजाचा ड्रायव्हर नव्याने टाकूनही नाही, तर हार्डवेअरच्या तंत्रज्ञाकडे द्या. हेडफोनची पिन हलवली की आवाज येतो-जातो, हा खोबणीचा दोष; लॅपटॉप उघडून ती स्वतः सोल्डर करायला जाऊ नका.

कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर चौथ्या तपासणीतल्या सेटिंगच्या फाइलपासूनच थांबा आणि तिथल्या आयटीवाल्यांना सांगा. आणि स्किन किंवा प्लग-इन टाकल्यावर अँटिव्हायरस ओरडला, तर त्याला गप्प करून पुढे जाऊ नका. नेट तोडा, ती फाइल उघडू नका आणि मशीन कुणा माहीतगाराला तपासू द्या.

तंत्रज्ञाशी बोलताना “प्लेअर चालत नाही” एवढंच सांगू नका. कीबोर्डच्या कळांनी चाललं का, मूळ स्किनवर काय झालं, दुसऱ्या प्रोग्राममध्ये आवाज आला का, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कुठलं मॉड्यूल दिसलं आणि बाजूला ठेवलेलं सेटिंगचं फोल्डर कुठे आहे, हे कागदावर लिहून द्या.